कोनचा पाऊस कोणी मोजायचा?

पावसाळ्याच्या चार महिन्यांत आपल्या जिल्ह्यातील वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक लहानसा तक्ता छापून येतो. अलिबाग, उरण, पनवेल, पेण, कर्जत, खालापूर, माथेरान अशी तालुक्यांची व ठिकाणांची नावे आणि त्यांच्यासमोर मिलीमीटरचे आकडे. चहाचा पेला हाती घेऊन आपण त्यावरून नजर फिरवतो आणि ‘काल पनवेलला शंभर पडला’ असे एकमेकांना सांगतो. मात्र हा आकडा म्हणजे संपूर्ण तालुक्यावर पडलेला पाऊस नव्हे. एका विशिष्ट जागी ठेवलेल्या, वीतभर तोंडाच्या एका पात्रात चोवीस तासांत जे पाणी साचले, त्याची ती उंची असते. त्या पात्रापासून काही किलोमीटर दूर असलेल्या कोन गावात त्याच रात्री किती पाऊस झाला, हे त्या तक्त्यावरून कळत नाही.

कोनचे नाव आम्ही मुद्दाम घेत आहोत. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, पळस्पे फाटा ओलांडला की लागणारे हे गाव गेल्या वीस वर्षांत ओळखू येणार नाही इतके बदलले आहे. द्रुतगती मार्ग जवळून गेला. सावळे-रसायनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मालवाहू गाड्यांची रीघ लागली. भातशेतीच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आणि मुंबईतील गिरणी कामगारांसाठी सोडतीत निघालेली घरेही येथेच आहेत. शेतात पडलेले पाणी पूर्वी बांधाबांधाने अडत, मुरत, सावकाश ओढ्याला मिळत असे. तेच पाणी आता सिमेंटवरून धावत खाली येते. अशा गावात पाऊस नेमका किती आणि किती वेळात पडतो, हे ठाऊक असणे पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाले आहे.

कोकणाचा पाऊस एकसारखा पडत नाही, हे कोकणात राहणाऱ्यास सांगावयास नको. समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाणी टाकून देतात. त्यामुळे किनाऱ्यावरील अलिबागला वर्षाकाठी साधारण दोन हजार मिलीमीटर पाऊस होतो, तर माथेरानच्या माथ्यावर त्याच्या दुपटीहून अधिक. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात पनवेल तालुका येतो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला कर्नाळा, पूर्वेस प्रबळगड, इर्शाळगड व माथेरानची रांग. येथे एका गावात पागोळ्या अखंड गळत असतात, तर पलीकडच्या गावात लोक छत्री मिटून चालतात. हा अनुभव सर्वांचा आहे, परंतु त्याची लेखी नोंद कोणाकडे नाही.

नोंद नसल्याने काय बिघडते, असा प्रश्न कोणी करील. सर्वप्रथम शेतकऱ्याचे बिघडते. आपल्या राज्यात शासकीय मदतीसाठी चोवीस तासांत ६५ मिलीमीटरहून अधिक पाऊस झालेले महसूल मंडळ अतिवृष्टीबाधित धरले जाते. एका मंडळात अनेक तलाठी सजे आणि त्याहून अधिक गावे असतात. मंडळाच्या यंत्रात ६१ मिलीमीटर नोंदले गेले आणि चार गावे पलीकडे ९० मिलीमीटर पावसाने आवटण झोडपून काढले, तर त्या शेतकऱ्याचा पाऊस कागदावर पडलेलाच नसतो. पंचनाम्यासाठी त्याने पहिले पाऊल उचलण्यापूर्वीच वाद सुरू होतो. २०२३ साली राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ हीसुद्धा आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला. सलग पाच दिवस दररोज किमान १० मिलीमीटर पाऊस, असा त्याचा निकष ठरला. निर्णय चांगला होता. मात्र तिसऱ्या दिवशी यंत्राने १० ऐवजी ८ दाखविले की साखळी तुटते. दोन मिलीमीटरचा हा फरक एका सरीचा असतो, आणि सर कोठे कोसळेल हे मंडळाची हद्द पाहून ठरत नाही.

राज्य शासनाने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१७ साली ‘महावेध’ हा प्रकल्प सुरू झाला, नागपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे पहिले स्वयंचलित केंद्र कार्यान्वित झाले आणि पुढे राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत अशी केंद्रे बसली. तालुक्याला एक मापक असे पूर्वी होते, त्यापेक्षा हे पुष्कळ पुढचे पाऊल आहे. केंद्र शासनाने १ जानेवारी २०२५ रोजी पीक विमा योजनेला मुदतवाढ देताना ‘विंड्स’ या हवामान जाळ्यालाही मंजुरी दिली. तालुका पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्र आणि ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक, असे त्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे मंडळाचा आकडा गावाला पुरत नाही, हे शासनानेही मान्य केले आहे. प्रश्न उरतो तो गावाने तोवर काय करावे आणि यंत्र आल्यानंतरही काय करावे, हा.

एका शहराचा पाऊस एका आकड्यात मावत नाही, याचा धडा मुंबईने २६ जुलै २००५ रोजी घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ वाजेपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलीमीटर पावसाची नोंद झाली. त्याच अवधीत कुलाबा वेधशाळेत ७३ मिलीमीटर. दोन्ही वेधशाळा हवामान विभागाच्याच, दोन्ही ठिकाणचे निरीक्षक प्रशिक्षित, अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. त्या दिवशी मुंबईत केवळ कुलाब्याचीच वेधशाळा असती, तर इतिहासात तो दिवस बऱ्यापैकी पावसाचा एक दिवस म्हणून नोंदला गेला असता, आणि मिठीकाठी बुडालेल्या माणसांचा पाऊस पुराव्याविना राहिला असता. त्या आपत्तीनंतर महानगरपालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारले. मुंबईला ते परवडले. खाडीपलीकडील आपल्या गावांना असे जाळे मिळालेले नाही.

याहून जवळचे आणि अधिक वेदनादायक उदाहरण खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीचे आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील ही ठाकर आदिवासींची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले, तेव्हा ५७ जण बेपत्ता होते. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते. त्या परिसरात तीन दिवसांत ४९९ मिलीमीटर पाऊस झाल्याचे शासनाने विधानसभेत सांगितले. आमच्या मते विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की हा आकडा दुर्घटनेनंतर सर्वांसमोर आला. पहिल्या दिवसाचा पाऊस, दुसऱ्या दिवसाचा पाऊस, त्यांची बेरीज, हे गणित वाडीत राहणाऱ्या माणसाच्या हाती १९ तारखेच्या संध्याकाळी असावयास हवे होते. पर्जन्यमापक असता तर माणसे वाचली असती, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. दरड केवळ पावसाने कोसळत नाही; उतार, खडक, माती, झाडे यांचाही त्यात भाग असतो. तथापि, परिसराचा आकडा आणि एका उतारावर पडलेला पाऊस या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दरड उतारावर कोसळते.

अशा ठिकाणी लोकांनी ठेवलेली नोंद कशी उपयोगी पडू शकते, याचे उदाहरण केरळातील वायनाड जिल्ह्यात आहे. तेथील ह्यूम सेंटर या पर्यावरण संशोधन संस्थेने शेतकरी व मळेवाल्यांच्या साहाय्याने जिल्हाभर दोनशेच्या आसपास पर्जन्यमापक बसविले आहेत. लोक रोज सकाळी आकडा कळवितात आणि संस्था त्यावरून कोणत्या भागात धोका वाढत आहे याचा अंदाज बांधते. ३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्कई व चूरलमला ही गावे दरडींनी उद्ध्वस्त झाली आणि अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यापूर्वी सुमारे सोळा तास आधी या संस्थेने जिल्हा प्रशासनाला दरडीच्या शक्यतेची सूचना दिली होती, असे तेव्हाच्या वृत्तांतून पुढे आले. सूचना असूनही एवढी जीवितहानी का झाली, यावर तेथे बराच वाद झाला. त्या वादात न पडता आम्ही एवढेच नमूद करू, की पुत्तुमला येथील एका साध्या मापकातील पाणी धोका दाखवीत होते आणि ते मोजणारे कोणीतरी तेथे होते.

सामान्य माणसांनी पाऊस मोजणे ही काही आजची कल्पना नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराजवळ पर्जन्यमापनासाठी कुंड ठेवण्यास सांगितले आहे आणि निरनिराळ्या प्रदेशांचा पाऊस द्रोण या मापात दिला आहे. अवंतीस तेवीस द्रोण वगैरे. अपरान्त, म्हणजे आपला कोकण, याच्यापुढे मात्र आकडा नाही. तेथील पाऊस मोजमापाबाहेरचा, असे सांगून ग्रंथकार पुढे जातो! कोकणच्या पावसाला न मोजण्याची परंपरा अशी फार जुनी आहे.

युरोपात पाऊस मोजण्याचा पहिला शास्त्रीय प्रयत्न एका संन्यस्त धर्मगुरूने केला. बेनेडिक्टाइन संघाचे बेनेदेत्तो कास्तेल्ली हे गॅलिलिओचे शिष्य. १६३९ साली दुष्काळाने इटलीतील त्रासिमेनो सरोवर आटले होते. पेरुजा येथे पाऊस पडू लागताच कास्तेल्ली यांनी एक काचेचे भांडे उघड्यावर ठेवले, त्यात साचलेल्या पाण्याची उंची मोजली आणि एवढ्या पावसाने सरोवराची पातळी किती वाढेल याचा हिशेब करून गुरूला पत्राने कळविला. पुढे येशूसंघीयांनी ही परंपरा जगभर नेली. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर यूजीन लाफों यांनी १८६७ साली आपल्या दैनंदिन निरीक्षणांवरून शहराला येणाऱ्या चक्रीवादळाची सूचना दिली होती. भारतीय हवामान विभाग स्थापन झाला तो त्यानंतर, १८७५ साली. फिलिपीन्समध्ये मनिला वेधशाळेच्या फादर फेदेरिको फाउरा यांनी १८७९ मध्ये वादळाचा इशारा दिला. या धर्मगुरूंकडे मोठी यंत्रे नव्हती. त्यांच्याजवळ ठरावीक वेळ पाळण्याची शिस्त आणि वही होती, आणि मठातील दिनक्रमाने ही शिस्त त्यांच्या अंगी आधीच बाणलेली होती.

या कामाला लोकचळवळीचे रूप दिले ते इंग्लंडमधील जॉर्ज सायमन्स यांनी. १८६० साली त्यांनी १६८ ठिकाणच्या नोंदी एकत्र छापल्या. शतकाच्या अखेरीस त्यांच्या निरीक्षकांची संख्या तीन हजारांवर गेली होती. त्यांत पाळक होते, डॉक्टर होते, शिक्षक होते, बागा सांभाळणारे माळी होते. आपल्या तहसील कचेऱ्यांच्या आवारात जे जुने पर्जन्यमापक दिसते, ते याच गृहस्थांच्या नावाने ‘सायमन्स पर्जन्यमापक’ म्हणून ओळखले जाते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही. या स्वयंसेवकांचे कष्ट दीडशे वर्षांनंतर कसे फळास आले पाहा. २०२० च्या मार्च महिन्यात ब्रिटनमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा रेडिंग विद्यापीठाचे प्राध्यापक एड हॉकिन्स यांनी जुन्या हस्तलिखित नोंदींची सुमारे ६५,००० पाने लोकांपुढे ठेवली व ती संगणकात उतरविण्याचे आवाहन केले. १६,००० स्वयंसेवकांनी अवघ्या सोळा दिवसांत पन्नास लाखांहून अधिक आकडे उतरवून काढले. त्यामुळे त्या देशाचा पर्जन्य इतिहास १८३६ पर्यंत मागे गेला आणि १८५५ हे तेथील सर्वांत कोरडे वर्ष होते हे प्रथमच कळले.

आपल्याकडेही जुन्या आकड्याचे मोल अधूनमधून कळून येते. २०२५ साली मोसमी पाऊस मे महिन्यातच मुंबईत दाखल झाला आणि कुलाब्याचा मे महिन्याचा १९१८ पासूनचा विक्रम मोडला. तो विक्रम २७९.४ मिलीमीटरचा होता. १९१८ च्या त्या मे महिन्यात कुलाब्याच्या निरीक्षकाने दशांशापर्यंत आकडा लिहून ठेवला म्हणूनच १०७ वर्षांनी तुलना शक्य झाली. कोनमध्ये १९१८ साली किती पाऊस झाला? २००५ साली किती झाला? २०२५ साली? तिन्ही प्रश्नांना गावापाशी उत्तर नाही.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स शहरात २८ जुलै १९९७ रोजी आलेल्या पुरात पाच जणांचा बळी गेला. शहराच्या एका भागात एका दिवसात वर्षभराइतका पाऊस कोसळला होता आणि काही किलोमीटरवर अगदी थोडा. अधिकृत मापके इतकी विरळ होती, की काय घडले ते समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञांना लोकांच्या अंगणातील बादल्या आणि डबे तपासावे लागले. पुढच्याच वर्षी नोलन डोस्केन यांनी तेथे नागरिकांचे पर्जन्यमापन जाळे सुरू केले. आज त्यात संपूर्ण अमेरिकेतील व कॅनडातील हजारो कुटुंबे सहभागी आहेत. प्रत्येकाकडे एकाच मापाचे साधे प्लॅस्टिकचे नळकांडे असते, आणि त्यांचे आकडे तेथील शासकीय हवामान सेवा रोज वापरते.

महाराष्ट्राला मात्र उदाहरणासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव आपल्या शिवारात तीन ठिकाणी पाऊस मोजते. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत बसविली. पाऊस किती झाला यावरून पिण्यासाठी किती, जनावरांसाठी किती, रब्बीला किती आणि कोणते पीक घ्यावयाचे नाही, हे ग्रामसभा ठरविते. तेथे मोजमाप कोणाकडे मागणी करण्यासाठी सुरू झाले नाही; स्वतःवर बंधन घालण्यासाठी सुरू झाले. त्याच जिल्ह्यात स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी पाणलोट विकासाचे दीर्घकाळ कार्य केले आणि त्यांच्या प्रेरणेने १९९३ साली ‘वॉटर’, म्हणजे वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, ही संस्था स्थापन झाली. या संस्थेने पुढे संगमनेर-अकोले भागातील गावांत हवामान केंद्रे बसवून त्या नोंदींवर आधारलेला शेतीसल्ला गावकऱ्यांपर्यंत पोहोचविला. दोन्ही उदाहरणे दुष्काळी प्रदेशातील आहेत. जेथे पाणी कमी तेथे लोक ते मोजतात. आपल्याकडे पाणी डोक्यावरून वाहते, म्हणून मोजण्याची निकड वाटत नाही. मार्चमध्ये टँकर येतो, तेव्हाही वाटत नाही.

लोकांनी ठेवलेल्या नोंदींवर विश्वास कितपत ठेवावा, ही शंका रास्त आहे आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. अमेरिकेतील स्वयंसेवी निरीक्षकांच्या नोंदींची तपासणी करून काही अभ्यासकांनी २००७ साली दोन दोष दाखवून दिले. माणसे अगदी थोडा पाऊस लिहीत नाहीत, आणि आकडा पाचाच्या किंवा दहाच्या पटीत बसविण्याकडे त्यांचा कल असतो. आम्हांला वाटते, आपल्याकडे याखेरीज आणखी दोन दोष संभवतात. पहिला, जोरदार पावसाच्या दिवशी उत्साहाने मोजणे आणि उघडीप पडली की वही विसरणे. कोरड्या दिवशी शून्य लिहावयास हवे. रिकामी जागा आणि शून्य यांत फार मोठा भेद आहे. रिकामी जागा म्हणजे मोजले नाही, शून्य म्हणजे मोजले आणि पाऊस नव्हता. वर्षभराने वही पाहणाऱ्यास हा भेद कळला नाही, तर संपूर्ण वही निरुपयोगी ठरते. दुसरा दोष अधिक नाजूक आहे. मदतीचा निकष ६५ मिलीमीटर असल्याचे सर्वांना ठाऊक झाले, की ६३ चे ६६ करण्याचा मोह होईल. गावातील एकाच्या वहीत ६६ आणि शेजारच्या तिघांच्या वह्यांत ६२, ६३, ६१ असतील तर लबाडी लगेच उघडी पडते. म्हणून एका गावात एक नव्हे, तर तीन-चार मापके हवीत.

साधन सोपे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. हवामान विभागाच्या प्रचलित मापकाचे तोंड २०० चौरस सेंटिमीटरचे असते, तेव्हा त्यात जमलेले दर वीस मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलीमीटर पाऊस. भांडे वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीचे आणि सपाट तळाचे असेल, तर हिशेबही नको. आतल्या पाण्याची उंची मोजपट्टीने मोजली की झाले. घागर, हंडा, निमुळती बादली चालणार नाही. मापकाची कड जमिनीपासून साधारण एक फूट वर, अगदी आडवी असावी. जवळच्या भिंतीची किंवा झाडाची जितकी उंची, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ते ठेवावे. गच्चीच्या कठड्याला चिकटून ठेवलेले मापक वाऱ्यामुळे खोटे बोलते. नारळाच्या झाडाखाली ठेवलेले तर त्याहून अधिक.

कोकणासाठी एक विशेष सूचना. बाजारात मिळणारी लहान मापके ज्या प्रदेशांचा विचार करून बनविलेली असतात, तेथे दिवसाला शंभर मिलीमीटर म्हणजे अपूर्वाई. आपल्याकडे जुलैमध्ये शंभराने कोणी दचकत नाही, आणि दोनशेचे दिवसही येतात. २२ जुलै २०२१ नंतरच्या सकाळी महाबळेश्वरच्या वेधशाळेत चोवीस तासांचा पाऊस ५९४ मिलीमीटर भरला होता. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. असे दिवस मोजण्यासाठीच तर मापक ठेवावयाचे, आणि नेमक्या त्याच दिवशी ते भरून वाहू लागते. म्हणून पात्र उंच हवे किंवा मुसळधार पावसात ते रात्री झोपण्यापूर्वी एकदा मोजून रिकामे करावे आणि सकाळच्या मापात ती बेरीज मिळवावी. पात्र भरून वाहिले असेल तर ‘भरून वाहिले’ असेच लिहावे. अंदाजाने आकडा घालू नये.

मोजण्याची वेळ सकाळी साडेआठ. संपूर्ण भारतात पाऊस याच वेळी मोजला जातो आणि ज्या दिवशी मोजला त्या तारखेसमोर लिहिला जातो. २६ जुलै २००५ चा तो ९४४ मिलीमीटर पाऊस वेधशाळेच्या वहीत २७ जुलैच्या रकान्यात सापडतो, हे अनेकांना ठाऊक नसते. गावच्या वहीत दुसरी रीत पाळली तर शासकीय आकड्यांशी तुलना करताना एका दिवसाचा घोळ होतो आणि अधिकारी ती वही बाजूला सारतात, ते योग्यच होय.

येथे शासनाकडूनही काही अपेक्षा आहे. भारतीय हवामान विभागाने आपल्या संकेतस्थळावर नागरिकांना हवामानाची निरीक्षणे कळविण्याची सोय केली आहे. ती स्वागतार्ह आहे. मात्र ‘येथे आता जोराचा पाऊस पडत आहे’ असे कळविणे आणि वर्षानुवर्षे एकाच जागी मोजणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत. गावाची वही आज मदतीच्या निर्णयात ग्राह्य धरली जात नाही, आणि ती जशीच्या तशी ग्राह्य धरावी असे आम्हीही म्हणणार नाही. पण मंडळाच्या यंत्राचा आकडा भोवतालच्या गावांतील नोंदींशी सतत विसंगत येत असेल, तर ते यंत्र तपासावे, त्याची जागा तपासावी, इतका मान या वह्यांना मिळावयास हवा. स्वयंचलित यंत्रेही बिघडतात. नरसाळ्यात पाने अडकतात, कोळी जाळे विणतो, जवळच नवी इमारत उभी राहते. हे बिघाड जिल्ह्याच्या कचेरीतून दिसत नाहीत. शेजारच्या मापकाशी ताडून पाहिले म्हणजे दिसतात. ग्रामपंचायतीत उद्या स्वयंचलित मापक बसले, तरी गावची वही यासाठी चालू राहिली पाहिजे.

आता आपल्या धर्मग्रामांविषयी. चर्चचे आवार, शाळेचे मैदान, धर्मभगिनींच्या मठाचे परसू या बहुधा मोकळ्या जागा आहेत आणि त्या वर्षानुवर्षे जागच्या जागी राहतात. कोनसारख्या झपाट्याने बांधल्या जाणाऱ्या परिसरात ही गोष्ट अत्यंत दुर्मीळ झाली आहे. पाऊस मोजण्यासाठी तीस-चाळीस वर्षे न बदलणारी जागा लागते, आणि खाजगी अंगणाची तेवढी हमी आज कोणी देऊ शकत नाही. बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या पिढ्यान् पिढ्या जपणाऱ्या समाजाला आणखी एक वही जपणे जड जाऊ नये. शाळेतील सातवी-आठवीची मुले हे काम आनंदाने करतील. मात्र दिवाळीच्या सुट्टीत परतीचा पाऊस कोण मोजणार आणि मे अखेरीस शाळा बंद असताना आलेला वळीव कोण मोजणार, हे आधीच ठरवावे लागेल. वाडीवस्तीवरील आदिवासी बांधवांना यात सहभागी करून घेणे तर सर्वांत अगत्याचे, कारण डोंगराच्या उतारावर राहतात ते तेच. चर्चच्या आवारातील मापक सपाटीवरचे असेल. त्याच्या जोडीला वर वाडीत एक मापक, आणि दोघांत सकाळी एक फोन, इतके जरी झाले तरी रोज दोन आकडे हाती येतील आणि त्यांतला फरक दिसू लागेल.

अडचण रविवारची आहे. पुष्कळ ठिकाणी साडेआठच्या सुमारास मिस्सा सुरू असते किंवा नुकतीच आटोपलेली असते, आणि निरीक्षक देवळात असतो. मग सोमवारी दोन दिवसांचे पाणी एकदम मोजले जाते, रविवारचा रकाना रिकामा राहतो आणि सोमवार विनाकारण ओला ठरतो. यासाठी दोन कुटुंबांनी आळीपाळीने रविवार वाटून घ्यावेत. शेजारचे हिंदू किंवा मुस्लिम कुटुंब ही जबाबदारी घेण्यास तयार असेल, तर फारच उत्तम. वहीची एक प्रत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तलाठी कार्यालयात देऊन पोच घ्यावी आणि दुसरी चर्चच्या कपाटात, इतर नोंदवह्यांच्या शेजारी ठेवावी. मापक मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जागेवर लागलेले असावे; २०२५ चा अनुभव पाहता मृगाची वाट पाहून चालणार नाही.